चिठ्ठी आधी कोणी पाहिली? रँडमाइज्ड ट्रायलमधला बायस आणि नैतिकता, पायरीपायरीने

१९३० साली स्कॉटलंडच्या लॅनर्कशायरमध्ये ६७ शाळांतल्या वीस हजार मुलांवर दुधाचा प्रयोग झाला. दहा हजार मुलांना फेब्रुवारी ते जून रोज पाऊण पिंट दूध मिळाले, उरलेल्या दहा हजारांना नाही. निवड चिठ्ठ्या टाकून किंवा आडनावाच्या अक्षरांवरून करायची होती. मात्र एखाद्या गटात फारच हडकुळी किंवा फारच धष्टपुष्ट मुले आली, तर अदलाबदल करायची मुभा शिक्षकांना होती. शिक्षकांनी ती वापरली आणि दूध गरीब घरच्या, किरकोळ बांध्याच्या मुलांकडे वळले. त्यामुळे प्रयोग सुरू होतानाच दूध न मिळणारी मुले उंचीने आणि वजनाने जास्त भरली. त्यात वजन कपड्यांसकट घेतलेले. खात्यापित्या घरच्या मुलांचे फेब्रुवारीतले लोकरी कपडे जूनमध्ये उतरले आणि त्यांची वाढ कागदावर कमी दिसली. ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिणारे संख्याशास्त्रज्ञ गॉसेट यांनी १९३१ मध्ये हे सगळे उघड केले आणि सुचवले की एकसारख्या जुळ्यांच्या पन्नास जोड्या घेतल्या असत्या तर वीस हजार मुलांची गरजच नव्हती.

यात लबाडी कोणीच केली नव्हती. शिक्षकांना उपाशी पोराची दया आली, एवढेच. रँडमाइज्ड ट्रायल म्हणजे कोणाला कोणता उपचार हे चिठ्ठीने ठरवणारा प्रयोग, आणि बायस म्हणजे निकाल एका बाजूला झुकवणारी चूक. ट्रायलमधला बहुतेक बायस असाच, चांगल्या मनाच्या माणसांच्या हातून शिरतो. म्हणून ‘आमचा स्टाफ प्रामाणिक आहे’ हे त्यावरचे उत्तर होऊ शकत नाही. उत्तर प्रोटोकॉलच्या, म्हणजे ट्रायलच्या लेखी आराखड्याच्या, रचनेत असावे लागते. आणि रचना फसली की नैतिकताही फसते, कारण सुया, रक्ततपासण्या आणि धोका रुग्ण सोसतो आणि हाती विश्वास ठेवण्याजोगे काहीच येत नाही.

पुढच्या पायऱ्या पहिलीच ट्रायल लिहिणाऱ्या रेसिडेंटसाठी आहेत, तसेच एथिक्स कमिटीत ‘सामान्य नागरिक’ म्हणून बसून समोरच्या जाडजूड फाइलमध्ये नेमके काय पाहायचे असा प्रश्न पडलेल्या सदस्यांसाठीही.

पायरी १: एक प्रश्न, एक मुख्य निकष, पुरेशी माणसे

आधी स्वतःला विचारा: या दोन उपचारांतला कोणता चांगला, हे जाणकारांना खरोखरच माहीत नाही ना? माहीत असेल तर ट्रायल करू नका. माहीत नसेल तर मुख्य निकष एकाच वाक्यात लिहा: काय मोजणार, कशाने, कितव्या दिवशी. ‘वेदना कमी होणे’ हा निकष नव्हे. ‘शस्त्रक्रियेनंतर २४ तासांनी, शून्य ते दहाच्या पट्टीवर, खोकताना होणारी वेदना’ हा निकष. वीस वेगवेगळे निकष मोजले तर औषध पूर्ण निरुपयोगी असतानाही त्यांतला निदान एक तरी ‘पी ०.०५ पेक्षा कमी’ (म्हणजे निव्वळ योगायोगाने असा फरक दिसण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी) दाखवेल याची शक्यता ६४ टक्के असते (निकष एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे धरून). म्हणून मुख्य निकष आधी जाहीर करायचा आणि नंतर बदलायचा नाही.

निकष रुग्णाच्या कामाचा असावा. अमेरिकेतल्या ‘कास्ट’ ट्रायलची गोष्ट यासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. हार्ट अटॅकनंतर अनियमित ठोके दाबणारी एनकेनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधे ईसीजी छान सुधारत होती आणि सर्रास वापरली जात होती. १९८९ मध्ये आकडे उघडले तेव्हा औषध घेणाऱ्या ७३० जणांपैकी ५६ मेले होते आणि प्लासिबोवरच्या (औषधासारख्या दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या गोळीवरच्या) ७२५ पैकी २२. ईसीजी सुधारला होता, माणसे जात होती.

आता रुग्णसंख्या. समजा गुंतागुंतीचे प्रमाण २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर येईल अशी तुमची अपेक्षा आहे. ८० टक्के पॉवर (फरक खरा असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि नसलेला फरक दिसण्याच्या चुकीला ५ टक्के मुभा धरली तर प्रत्येक गटात सुमारे २०० रुग्ण लागतात. दहा टक्के गळती धरली की २२२. थिसिसमध्ये सवयीने ‘३० विरुद्ध ३०’ घेतले जातात. इतक्या रुग्णांत हा फरक खरा असला तरी तो सापडण्याची शक्यता साधारण पाचात एक असते. म्हणजे साठ माणसांना प्रयोगात घालायचे आणि ‘फरक आढळला नाही’ असे लिहून मोकळे व्हायचे. आमच्या मते कमिटीने सर्वांत आधी हेच पान उघडावे. रुग्ण कमी मिळणार असतील तर दोन-तीन कॉलेजांनी मिळून ट्रायल करावी, किंवा सलग मोजता येणारा, कमी माणसांत उत्तर देणारा निकष निवडावा.

पायरी २: तुलना कशाशी?

नियम सोपा आहे: सिद्ध झालेला उपचार उपलब्ध असेल तर नव्या उपचाराची तुलना त्याच्याशी. प्लासिबो तिथेच, जिथे सिद्ध उपचार नाही किंवा उपचाराविना थांबल्याने गंभीर, न भरून येणारी हानी होत नाही. हेलसिंकी जाहीरनाम्याचाही (माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची जागतिक नैतिक तत्त्वे) गाभा हाच आहे. गोची होते ती ‘उपलब्ध’ या शब्दाशी.

तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात (आता धाराशिव) गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीची मोठी ट्रायल झाली. ५२ गावसमूह आणि ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ महिला. चिठ्ठ्या बाईच्या नावाने नाही, गावसमूहाच्या नावाने पडल्या, कारण एकाच गल्लीत एकीला तपासणी आणि शेजारणीला नाही, हे टिकत नाही. तीन गटांना वेगवेगळ्या तपासण्या मिळाल्या, चौथ्याला फक्त नेहमीची सेवा. आठ वर्षांनी एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) तपासणीच्या गटात ३४,१२६ महिलांपैकी ३४ जणींचा या कॅन्सरने मृत्यू झाला होता, चौथ्या गटात ३१,४८८ पैकी ६४ जणींचा. हा निकाल २००९ मध्ये आला आणि जगभर वापरला गेला. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने १९९८ पासून व्हिनेगर लावून करायच्या तपासणीची अशीच ट्रायल केली, त्यात मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

दोन्हींवर टीका झाली ती एकाच मुद्द्यावर: पॅप तपासणीने (गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन पाहण्याने) मृत्यू टळतात हे पाश्चात्त्य देशांत अनेक दशके माहीत असताना एका गटाला काहीच का दिले नाही? समर्थकांचे म्हणणे असे की त्या भागात ‘नेहमीची सेवा’ म्हणजे तपासणी नाही, हेच वास्तव होते आणि स्थानिक परिस्थितीत काय चालते हे कळणे गरजेचे होते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. अशा प्रोटोकॉलवर निर्णय घ्यायचा असेल तर तीन गोष्टी लेखी मागा. उपचार नसलेल्या गटाशिवाय या प्रश्नाचे उत्तर का मिळणार नाही? त्या गटातल्या माणसांना ‘अशी तपासणी अस्तित्वात आहे, ती अमुक ठिकाणी होते’ हे त्यांच्या भाषेत सांगितले जाणार आहे का? आणि ट्रायल संपल्यावर त्यांना ती कधी, कोणाच्या खर्चाने मिळणार? तिसऱ्याचे उत्तर बजेटच्या पानावर आकड्यात दिसले पाहिजे. ‘प्रयत्न केले जातील’ हे उत्तर नाही.

पायरी ३: चिठ्ठ्या

इथे दोन वेगळी कामे आहेत आणि लोक ती एकच समजतात. एक, क्रम बनवणे, म्हणजे कितव्या रुग्णाला कोणता उपचार ते ठरवणे. दुसरे, तो क्रम रुग्ण भरती करणाऱ्यापासून लपवणे. पहिले संगणक दोन मिनिटांत करतो. ट्रायल बुडते ती दुसऱ्यात.

काय चालत नाही ते आधी. सोम-बुध-शुक्र ओपीडीला एक औषध आणि इतर दिवशी दुसरे, केसपेपरचा नंबर सम-विषम, जन्मतारीख, युनिट एक विरुद्ध युनिट दोन. या सगळ्यांत पुढचा रुग्ण कुठे जाणार हे आधीच कळते. मग नकळत होते काय? ‘या आजींना नवे औषध झेपणार नाही’ असे वाटले की त्यांना बुधवारऐवजी गुरुवारी बोलावले जाते. १९९५ मध्ये शुल्झ आणि सहकाऱ्यांनी २५० ट्रायल तपासल्या. जिथे क्रम नीट लपवला नव्हता तिथे उपचाराचा परिणाम, ऑड्स रेशोच्या (दोन गटांतल्या शक्यतांच्या गुणोत्तराच्या) हिशेबात, सरासरी ४१ टक्क्यांनी फुगलेला दिसला. पद्धत धड लिहिलेलीच नव्हती, तिथे ३० टक्क्यांनी.

छापा-काटा करत गेलात तर ४० रुग्णांत १५–२५ किंवा त्याहून वाईट विभागणी होण्याची शक्यता सुमारे १५ टक्के असते. म्हणून ब्लॉक वापरतात, म्हणजे दोन्ही उपचार समसमान येतील असे रुग्णांचे छोटे संच. चारच्या ब्लॉकमध्ये अ आणि ब हे उपचार दोन-दोनदा येतात आणि सहाच मांडण्या होतात: अअबब, अबअब, अबबअ, बबअअ, बअबअ, बअअब. पण कोणते औषध दिले ते वॉर्डात दिसत असेल तर प्रत्येक ब्लॉकमधला चौथा रुग्ण हमखास ओळखता येतो आणि तीनपैकी एका ब्लॉकमध्ये तिसरासुद्धा. हुशार रेसिडेंटला हे आठवडाभरात उमगते. उपाय असा: चार, सहा आणि आठचे ब्लॉक मिसळा आणि ब्लॉकचा आकार भरती करणाऱ्यांच्या हाती पडणाऱ्या कागदावर लिहूच नका. दोन केंद्रे असतील किंवा आजाराच्या तीव्रतेने निकाल फार बदलत असेल तर त्यानुसार वेगळ्या याद्या करा, पण याद्या दोन-चारच्या पुढे नेऊ नका. लहान ट्रायलमध्ये प्रत्येक यादीत अर्धवट ब्लॉक उरतात आणि समतोलच जातो.

लपवण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे मध्यवर्ती फोन किंवा संगणक. तो नसेल तर पाकिटे, पण ती अशी:

यादी अशा माणसाने बनवावी ज्याचा भरतीशी किंवा मोजमापाशी संबंध नाही. पीएसएम (सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागातला संख्याशास्त्रज्ञ किंवा फार्मसीतली व्यक्ती चालते, तुमचा को-गाईड (थिसिसचा सहमार्गदर्शक) चालत नाही. यादीची एकच प्रत, त्यांच्या कुलूपबंद कपाटात.

पाकीट खाकी, जाड. आत चिठ्ठी ॲल्युमिनियम फॉइलमध्ये दुमडलेली, म्हणजे ट्यूबलाइटपुढे धरले तरी वाचता येणार नाही. (अशी धरली जातात, शंका नको.) चिठ्ठीवर कार्बन पेपर ठेवा. पाकीट उघडण्याआधी रुग्णाचे नाव, तारीख आणि वेळ पाकिटावर बॉलपेनने दाबून लिहायची, ती आतल्या चिठ्ठीवर उमटते. मग ‘चुकून’ उघडलेले पाकीट दुसऱ्या रुग्णाच्या नावावर खपवता येत नाही.

बाहेर सलग क्रमांक. चिकटवलेल्या जागेवर तिरकी सही आणि त्यावर पारदर्शक टेप. उघडण्याचा क्रम मोडायचा नाही. संमतीची सही झाल्यावर, पात्रता तपासून, रजिस्टरमध्ये नोंद केल्यावरच पाकीट उघडायचे. शस्त्रक्रियेची ट्रायल असेल तर शक्यतो थिएटरमध्ये, नेमक्या निर्णयाच्या क्षणी. वापरलेली पाकिटे आणि चिठ्ठ्या जपून ठेवा, तपासणीला त्या मागितल्या जातात.

पायरी ४: कोणाला काय कळू द्यायचे नाही

‘डबल ब्लाइंड’ (रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही गट माहीत नाही) हा शब्द लिहून भागत नाही. रुग्ण, औषध देणारा, मोजणारा आणि आकडेमोड करणारा यांतले कोण अंधारात आहे ते नावानिशी लिहा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या ३११ कर्मचाऱ्यांवर सर्दीसाठी व्हिटॅमिन सीची ट्रायल झाली, तिचा निकाल १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. प्लासिबो होती लॅक्टोजची, म्हणजे किंचित गोड. व्हिटॅमिन सी आंबट. लोकांनी कॅप्सूल फोडून जिभेवर ठेवली. जो थोडा फायदा दिसला तो आपण काय घेतोय हे ओळखलेल्यांतच दिसला. तेव्हा प्लासिबो बनवताना रंग आणि आकार पुरत नाहीत, चव आणि वासही जुळला पाहिजे. काढे, चूर्णे आणि तेलांच्या ट्रायलमध्ये हे विशेष अवघड आहे आणि तिथे फार्मसी विभागाला सुरुवातीलाच सोबत घ्यावे लागते. एक गोळी आणि दुसरे इंजेक्शन असेल तर प्रत्येक रुग्णाला दोन्ही द्यायचे, त्यांतले एक बनावट. मात्र बनावट इंजेक्शनची टोचणी समर्थनीय आहे का, हे कमिटीपुढे मांडावे लागते.

सर्जरी आणि फिजिओथेरपीत रुग्णापासून लपवणे बहुधा शक्य नसते. तरी मोजणारा वेगळा ठेवता येतो. जखमांवर सारखेच मोठे ड्रेसिंग लावा. रुग्णाला सांगा, ‘तपासायला येतील त्यांना कोणता उपचार झाला ते सांगू नका’. एक्स-रेवरची लेबले झाका. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारावरच्या एका कॅनेडियन ट्रायलमध्ये (१९९४ मध्ये प्रसिद्ध झालेले विश्लेषण) त्याच रुग्णांना दोन न्यूरॉलॉजिस्टनी तपासले, एकाला गट माहीत होता, दुसऱ्याला नव्हता. माहीत असलेल्यांच्या नोंदींत प्लाझ्मा एक्स्चेंजचा (रक्तातला द्रव भाग बदलण्याच्या उपचाराचा) फायदा दिसला, माहीत नसलेल्यांच्या नोंदींत नाही.

गट उघड करण्याची सोय मात्र चोवीस तास हवी, रात्रपाळीच्या रेसिडेंटलाही ठाऊक हवी. कसोटी एकच: कोणते औषध चालू आहे हे कळल्याने आत्ताचा उपचार बदलणार आहे का? बदलणार नसेल तर उघडू नका. उघडलेत तर वेळ, कारण आणि सही.

पायरी ५: कमिटी, नोंदणी, संमती

नव्या औषधांच्या व क्लिनिकल ट्रायलच्या २०१९ च्या नियमांनुसार कमिटीत किमान सात सदस्य, त्यांतले निदान निम्मे संस्थेबाहेरचे आणि अध्यक्षही बाहेरचा. सामान्य नागरिक, कायदेतज्ज्ञ आणि महिला सदस्य असणे सक्तीचे. स्वतःच्या प्रोटोकॉलवर मत देऊ नये, खोलीबाहेर जावे आणि ते मिनिट्समध्ये नोंदवावे. मंजुरीनंतर आणि पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर (भारतातल्या ट्रायलच्या ऑनलाइन नोंदवहीत) नोंदणी. मुख्य निकष तिथे जो लिहिला तोच थिसिसमध्ये दिसला पाहिजे. आता हे कोणीही घरबसल्या ताडून पाहू शकतो.

संमतीपत्रक भाषांतराने बिघडते. ‘आपणांस यादृच्छिकरीत्या नियंत्रण गटात समाविष्ट करण्यात येईल’ हे वाक्य मराठी असून कोणालाच कळत नाही. असे लिहा:

‘दोन औषधांतले कोणते जास्त चांगले हे डॉक्टरांना अजून माहीत नाही. तुम्हाला कोणते मिळेल हे चिठ्ठी टाकून ठरेल. ते डॉक्टर ठरवणार नाहीत, तुम्हीही नाही. काही जणांना औषधासारखी दिसणारी, पण औषध नसलेली गोळी मिळेल. तुम्ही नाही म्हणालात तरी इथला नेहमीचा उपचार तसाच चालू राहील.’

चिठ्ठीबद्दल ऐकून रुग्ण दचकतो आणि म्हणून डॉक्टर ते वाक्य गाळतात किंवा म्हणतात, ‘मावशी, तुमच्यासाठी चांगले तेच देऊ.’ ट्रायलमध्ये हे खोटे आहे. मावशींना समजले का ते पाहायला ‘समजलं ना?’ विचारू नका, उत्तर ‘हो’च येते. विचारा: ‘घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल, इथे काय होणार आहे?’ उत्तरात चिठ्ठी, धोका आणि सोडून जाण्याची मोकळीक हे तीन मुद्दे आले नाहीत तर पुन्हा सांगा.

वाचता न येणाऱ्या व्यक्तीसाठी निष्पक्ष साक्षीदार लागतो, आणि वॉर्डातली सिस्टर किंवा ट्रायलचा समन्वयक निष्पक्ष नसतो. माहितीपत्रकाची आणि सही झालेल्या संमतीची प्रत रुग्णाच्या हातात द्यायची. मुलांच्या बाबतीत पालकांची सही आणि आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मार्गदर्शनानुसार सात वर्षांपुढील मुलाचा होकार, बारा वर्षांपुढे तो लेखी. पालकांच्या जागी दुसऱ्या कोणी सही केल्याने काय होते ते २००९–१० च्या एचपीव्ही लसीकरण प्रकल्पात दिसले. तत्कालीन आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आदिवासी वसतिगृहांतल्या मुलींच्या संमतीपत्रांवर वॉर्डन आणि मुख्याध्यापकांच्या सह्या निघाल्या. प्रकल्प एप्रिल २०१० मध्ये थांबवला गेला आणि संसदीय समितीने त्यावर कडक अहवाल दिला.

पायरी ६: माणसे टिकवणे आणि जपणे

गळती दोन्ही गटांत सारखी असेल तर नुसती माहिती कमी होते, असमान असेल तर निकाल वाकतो. गळतीची कारणे बहुधा आधी दिसतात. बीडच्या ऊसतोड कुटुंबांना सप्टेंबरमध्ये भरती करून फेब्रुवारीत तपासणीला बोलावले तर ती कारखान्याच्या फडावर असतात. भरती हंगाम संपल्यावर सुरू करा, किंवा फडावर जाऊन मोजण्याचा खर्च धरा. तीन फोन नंबर घ्या, त्यांतला एक गावातच राहणाऱ्या नातेवाइकाचा. एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी द्या, ते आमिष नव्हे. ट्रायल पूर्ण केली तरच एकरकमी मोठी रक्कम, हे आमिष.

गंभीर दुष्परिणाम किंवा मृत्यू झाला तर २४ तासांत कळवायचे: औषध नियंत्रकांना, प्रायोजकाला आणि कमिटीला. चौदा दिवसांत विश्लेषणासह अहवाल. ‘औषधाशी संबंध नाही’ हे संशोधकाने एकट्याने ठरवायचे नसते. ट्रायलमुळे मृत्यू झाल्यास भरपाई सूत्रानुसार, वय आणि आजाराची तीव्रता पाहून, साधारण चार लाखांपासून ७३ लाखांपर्यंत निघते. तीस दिवसांत मृत्यूची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त असलेल्या रुग्णांसाठी दोन लाख ठरलेले आहेत. या भरपाईचे विमापत्र भरतीआधी फाइलला जोडलेले हवे.

मधेच आकडे उघडून पाहण्याचा मोह आवरा. पाच वेळा पाहून दरवेळी ०.०५ चीच कसोटी लावली तर निरुपयोगी औषध ‘यशस्वी’ ठरण्याची शक्यता ५ वरून १४ टक्क्यांवर जाते. पाहायचेच असेल तर कधी आणि किती कडक कसोटीने, हे आधी लिहा आणि पाहणारी समिती वेगळी ठेवा.

पायरी ७: हिशेब आणि निकाल

ज्याच्या नावाने जी चिठ्ठी निघाली त्याच गटात तो मोजायचा, औषध अर्धवट सोडले तरी. ‘नीट औषध घेतलेल्यांचेच मोजू’ हे तर्काला धरून वाटते. कोरोनरी ड्रग प्रोजेक्टमध्ये (१९८०) क्लोफायब्रेट हे कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध ८० टक्के किंवा त्याहून जास्त नियमित घेणाऱ्यांत पाच वर्षांत १५ टक्के मृत्यू झाले, अनियमित लोकांत २४.६ टक्के. औषध रामबाण! पण प्लासिबो नियमित घेणाऱ्यांत १५.१ आणि अनियमित लोकांत सुमारे २८ टक्के. साखरेच्या गोळीने जीव वाचला नव्हता. नियमित माणसे मुळातच वेगळी होती.

उपगटांबाबतही तेच. आयसिस-२ ट्रायलमध्ये १७,१८७ हार्ट अटॅकच्या रुग्णांत ॲस्पिरिनचा ठळक फायदा दिसला. उपगट पाडाच असा आग्रह झाला तेव्हा संशोधकांनी राशीही पाडून दाखवल्या: मिथुन आणि तूळ राशींच्या रुग्णांना ॲस्पिरिनने किंचित अपायच! आपल्याकडे हे उदाहरण जरा जपून सांगावे लागते.

निकाल नकारात्मक आला तरी छापा. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेकडे नोंदवलेल्या नैराश्यावरच्या औषधांच्या ७४ ट्रायलपैकी ३८ सकारात्मक होत्या, त्यांतल्या ३७ छापल्या गेल्या. उरलेल्या ३६ पैकी २२ छापल्याच नाहीत, ११ यशस्वी वाटतील अशा छापल्या, तीनच सरळ छापल्या. ज्यांनी त्या २२ ट्रायलमध्ये गोळ्या घेतल्या त्यांच्याकडून काय कळले ते छापलेच गेले नाही.

तुमच्या रुग्णांना कळवा. एक पान, मराठीत, मोठ्या अक्षरात: काय विचारले होते, काय निघाले, तुमच्या चिठ्ठीत कोणते औषध होते, आणि चांगले ठरलेले औषध आता कोणत्या ओपीडीत, कोणत्या वारी मिळेल. पत्ते संमतीपत्रावर आहेतच, टपालखर्च मात्र बजेटमध्ये आधीच धरून ठेवा.